ताणला जाणारा उजेड



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांच्या हातात वस्तू ठेवत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तुमच्या हातात ठेवायला मी आज काही आणू शकलो नाही. जिच्याविषयी बोलायचं आहे ती वस्तू कुठल्या दुकानात मिळत नाही. ती काही प्रयोगशाळांत आहे, आणि उघड्या हवेत आणली तर फार काळ जगत नाही. का जगत नाही, हा आजच्या भाषणाचा शेवटाकडे येणारा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

वस्तू अशी. रबरासारखा एक पातळ पापुद्रा. दोन्ही टोकं धरून ओढला तर दुप्पट लांब होतो, सोडला की पुन्हा होता तेवढा. आणि या सगळ्या वेळात तो उजेड देत असतो. त्यात दिवा बसवलेला नाही, तो पापुद्राच दिवा आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, यात नवल काय? घडी घालायचे फोन 2019 पासून बाजारात आहेत. पण घडी घालणं आणि ताणणं यांत मोठं अंतर आहे. एखादा पत्रा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. किती ताणली जाते? जाडीच्या निम्म्याला वाकाच्या त्रिज्येने भागा. काच 30 मायक्रॉन जाड आणि वाकाची त्रिज्या दीड मिलिमीटर असेल, तर ताण येतो अवघा एक टक्का. काच आणखी पातळ करा, ताण आणखी कमी. शिवाय बरोबर मध्यभागी एक पातळी अशी असते, जिथे ताणही नसतो आणि दाबही नसतो. सर्वांत ठिसूळ थर तिथे ठेवला की काम झालं. म्हणजे वाकणं ही भूमितीची करामत आहे, पदार्थाला तिथे फारसं काही सोसावं लागत नाही.

ताणताना ही पळवाट बंद होते. कोपरावरची किंवा गुडघ्यावरची त्वचा साध्या हालचालीतही 30 टक्क्यांच्या आसपास ताणली जाते. आजच्या बहुतेक पडद्यांत पारदर्शक वाहक म्हणून इंडियम टिन ऑक्साइड वापरतात, त्याला दोन-तीन टक्क्यांतच तडे जातात. कितीही पातळ केलं तरी 30 टक्के म्हणजे 30 टक्के. तो ताण पदार्थाच्या रेणूंनाच सोसावा लागतो. मग असा पदार्थ का सापडत नाही?

रबर ताणलं का जातं, इथून सुरुवात करू. रबराचा रेणू म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी. तिच्यातल्या एकेरी बंधांभोवती तिचे तुकडे सहज गरागरा फिरू शकतात, त्यामुळे साखळी आपसूक गुंडाळलेली, वेडीवाकडी पडलेली असते. ओढली की उलगडते, सोडली की पुन्हा गुंडाळते. (नैसर्गिक रबरात दुहेरी बंधही असतात, पण ते एकटेदुकटे, दूरदूर. मागच्या रांगेतले रसायनवाले हात वर करायच्या आत सांगून टाकलेलं बरं.) रबराचा गुण म्हणजे त्याची अव्यवस्था.

आता वीज वाहणारं पॉलिमर. तिथेही कार्बनचीच साखळी, पण एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, पुन्हा एकेरी, पुन्हा दुहेरी. या आळीपाळीमुळे काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूच्या मालकीचे राहत नाहीत, साखळीभर पसरतात. म्हणून तिच्यातून विद्युतभार जाऊ शकतो, म्हणून ती उजेड देऊ शकते. पण दुहेरी बंधाभोवती फिरता येत नाही. एकेरी बंधही या आळीपाळीत अडकल्यामुळे आखडतो. साखळी ताठ होते, सपाट होते, शेजारच्या साखळीला चिकटून नीट रांग लावते. वीज वाहायला ही रांग फारच चांगली. ताणायला मात्र अगदी वाईट: ओढलं की तडकते.

हे वैर लक्षात ठेवा. उजेडाला शिस्त हवी, ताणाला बेशिस्त हवी. या क्षेत्रात माणसांनी आजवर जे काही केलं, ते या दोघांना एका घरात नांदवण्यासाठी.

इतिहास फार सांगत नाही, पण थोडा हवाच. प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे 1977 मध्ये जगापुढे आलं. जपानचे शिराकावा आणि अमेरिकेतले मॅक्डायर्मिड व हीगर या तिघांनी पॉलिअॅसिटिलीनच्या पापुद्र्यावर आयोडीनचा संस्कार केला आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यातला तो चकचकीत पापुद्रा मुळात कसा मिळाला? शिराकावांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी उत्प्रेरक ठरल्यापेक्षा हजार पट जास्त घातला म्हणून!

सेंद्रिय पदार्थातून उजेड काढण्याची खटपट त्याच्याही आधीची. 1963 मध्ये न्यूयॉर्कला मार्टिन पोप यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून उजेड काढला, पण त्यासाठी शेकडो व्होल्ट लागले. 1987 मध्ये कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन अतिशय पातळ थर एकावर एक ठेवून हेच काम 10 व्होल्टच्या आत करून दाखवलं. फोटोच्या फिल्मवर मोठी झालेली कंपनी, आणि आज आपल्या खिशातल्या ओएलईडी पडद्यांचा पाया तिच्याच प्रयोगशाळेत घातला गेला. 1990 मध्ये केंब्रिजला बरोज, ब्रॅडली आणि फ्रेंड यांनी पॉलिमरमधून उजेड काढला. इथे आपला विषय सुरू होतो, कारण पॉलिमर म्हटलं की रबराची आठवण येणारच.

पण आधी लोक गेले पळवाटांकडे, आणि पळवाटांना मी नावं ठेवणार नाही. पहिली पळवाट चुण्यांची. परकराच्या कमरेला इलॅस्टिक कसं शिवतात? इलॅस्टिक ताणून धरतात, त्यावर कापड शिवतात, मग सोडतात. कापडाला चुण्या पडतात. पुढे ओढलं की चुण्या उलगडतात, कापड स्वतः ताणलं जात नाही. 2013 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिन्झचे झिगफ्रीड बाउअर आणि टोकियोचे ताकाओ सोमेया यांच्या गटांनी नेमकं हेच केलं. 1.4 मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकवर दिवा बनवला आणि तो आधीच ताणलेल्या रबरावर चिकटवून सोडून दिला. दिव्याला चुण्या पडल्या. ओढला की सपाट व्हायचा, तरी पेटलेलाच. बाउअर 2018 मध्ये गेले. जेमतेम काही मिलिग्रॅमच्या वस्तूंतून मोठे प्रश्न सोडवणारा असा माणूस विरळा.

दुसरी पळवाट बेटांची. कडक एलईडीचे अगदी बारीक तुकडे रबरावर बेटांसारखे ठेवायचे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा नागमोडी करायच्या. ताण येतो तो समुद्राला आणि पुलांना, बेटं जशीच्या तशी राहतात. अमेरिकेत जॉन रॉजर्स यांच्या गटाने या युक्तीची बरीच रूपं घडवली. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सोलमध्ये एलजी डिस्प्लेने 12 इंचांचा पडदा 18 इंचांपर्यंत ओढून दाखवला, तोही याच कुळातला, 40 मायक्रॉनच्या सूक्ष्म एलईडी वापरलेला. माझा अंदाज विचाराल तर दुकानात आधी येईल तो हाच प्रकार. मात्र त्यात उजेड देणारा पदार्थ ताणला जात नाही. पडदा ताणला की बेटांमधलं अंतर वाढतं आणि चित्र विरळ होतं.

तिसरी पळवाट मला सर्वांत गमतीची वाटते. 1936 मध्ये पॅरिसमध्ये जॉर्ज देस्त्रिओ यांना दिसलं, की झिंक सल्फाइडच्या चूर्णाला उलटसुलट होणारा विद्युतदाब दिला की ते चमकतं. 2016 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट शेफर्ड यांच्या गटाने हे चूर्ण सिलिकोन रबरात कालवलं आणि दोन्ही बाजूंना मिठाच्या पाण्याचं जेल इलेक्ट्रोड म्हणून लावलं. तो पापुद्रा मूळ लांबीच्या पाचपटीहून जास्त ताणला गेला आणि पेटत राहिला. ऑक्टोपसच्या त्वचेवरून सुचलेली ही कल्पना त्यांनी एका मऊ, सरपटणाऱ्या यंत्रमानवाला पांघरली. ताणल्यावर पापुद्रा पातळ होतो, त्यातलं विद्युतक्षेत्र वाढतं, म्हणजे ओढल्याने उजेड कमी होण्याऐवजी वाढूही शकतो! मग अडचण काय? अशा दिव्यांना शेकडो, प्रसंगी हजारो व्होल्ट लागतात. यंत्रमानवाला चालतील. तुमच्या-माझ्या मनगटाला?

आता सरळ रस्ता. पदार्थच असा बनवायचा, की तो ताणलाही जाईल आणि उजेडही देईल.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चिबिंग पेइ यांनी 2013 मध्ये पहिलं ठोस पाऊल टाकलं. उजेड देणाऱ्या पॉलिमरमध्ये त्यांनी आयन मिसळले. आयन आपापल्या बाजूला सरकतात आणि विद्युतभारांची वाट मोकळी करतात. त्यामुळे कॅल्शियमसारखा हवेशी भांडणारा धातू लागतच नाही, दोन्ही बाजूंना रबरात रुतवलेल्या चांदीच्या नॅनोतारा पुरतात. ही वस्तू 120 टक्के ताणूनही पेटत होती. थोडंसं ताणल्यावर तिची कार्यक्षमता वाढते, हेही त्यांना दिसलं.

त्यानंतरची गोष्ट स्टॅनफर्डची. झेनान बाओ यांची प्रयोगशाळा अनेक वर्षं त्वचेसारखी इलेक्ट्रॉनिक्स बनवण्याच्या मागे आहे. तिथे 2018 मध्ये चितॉव चांग या संशोधकाने 'सुपर यलो' नावाचं पिवळा उजेड देणारं पॉलिमर पॉलियुरेथेनमध्ये मिसळून पाहिलं. पॉलियुरेथेन म्हणजे रोधक. त्यातून वीज वाहत नाही, उजेड निघत नाही. तेव्हा मिश्रण मऊ होईल आणि उजेड मंदावेल, अशीच कोणाचीही अपेक्षा. मिश्रण मऊ झालं, आणि उजेड वाढला.

वाढला! रोधक घातल्यावर! इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. या पॉलिमरमध्ये धन बाजूने येणारे भार, ज्यांना 'होल' म्हणतात, ते बरे चालतात. इलेक्ट्रॉन मात्र वाटेतल्या खड्ड्यांत पडून अडकतात. एक बाजू वेळेवर, दुसरी उशिरा. दोघांची गाठ पडली तरच उजेड, त्यामुळे गाठी कमी पडतात. रोधक मिसळल्यावर दर घनमायक्रॉनमागे वाहक पॉलिमर कमी होतं हे खरं, पण खड्डेही तेवढेच कमी होतात, आणि खड्ड्यांनी होणारं नुकसान त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने घटतं. इलेक्ट्रॉनची चाल सुधारते, दोन्ही भार बरोबरीने पोचतात. शिवाय मिसळताना उजेड देणारं पॉलिमर बारीक तंतूंचं जाळं होऊन पसरतं. जाळं वीज वाहतं, भोवतालचं रबर ताण झेलतं. शिस्त आणि बेशिस्त यांनी घरातल्या खोल्याच वाटून घेतल्या म्हणा ना.

2022 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं तेव्हा कमाल तेज दर चौरस मीटरला 7,450 कॅन्डेला होतं. फोनच्या नेहमीच्या पडद्याच्या हे दुपटीहून जास्त. दिवा मूळ लांबीच्या दुप्पट ताणला जात होता, आणि लाल, हिरवा, निळा हे रंगही त्यांनी काढले. मनगटावर चिकटवून नाडीचे ठोके उजेडात दाखवले. मला मात्र आकड्यांपेक्षा ती रोधकाची गोष्ट मोठी वाटते. ताणासाठी उजेडाचा बळी द्यावाच लागतो, अशी सगळ्यांची समजूत होती. ती निदान एका ठिकाणी तरी खोटी ठरली.

एक जुनं दुखणं शिल्लक होतं. इलेक्ट्रॉन आणि होल भेटतात तेव्हा त्यांच्या फिरकीच्या हिशोबाने शंभरांतल्या 25 भेटींतूनच साध्या पदार्थात उजेड निघतो. उरलेल्या 75 उष्णतेत वाया. इरिडियमसारखा जड धातू वापरून त्याही वसूल करता येतात, पण तो महाग. 2012 मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांनी धातूविना मार्ग दाखवला. रेणूची रचना अशी करायची, की त्या 75 ची ऊर्जा उजेड देणाऱ्या 25 च्या अगदी जवळ येईल. मग खोलीची साधी ऊबही त्यांना वर ढकलायला पुरते. शिकागो विद्यापीठातल्या सिहाँग वांग यांनी, जे पूर्वी बाओंच्याच प्रयोगशाळेत होते, 2023 मध्ये अशा पॉलिमरच्या कण्यात मधेमधे मऊ, सरळ साखळ्या घातल्या. पदार्थ 125 टक्के ताणला गेला आणि आत गेलेल्या दर शंभर भारांमागे 10 प्रकाशकण बाहेर आले. अर्थात हा आकडा पदार्थाचा. सगळेच थर ताणले जाणारे घेऊन पूर्ण दिवा बनवला की तो बराच खाली येतो.

का येतो? कारण उजेड देणारा थर एकटा नसतो. त्याच्या वर-खाली इलेक्ट्रोड लागतात, ते वाहक हवेत, निदान एक पारदर्शक हवा आणि दोन्ही ताणले जाणारे हवेत. इलेक्ट्रोडवर बोलायला लागलो तर दुसरं व्याख्यान लागेल, म्हणून पुढे जातो. पुढे जे आहे त्याबद्दल बातम्यांत ओळही नसते.

सुरुवातीला म्हणालो होतो, की ही वस्तू हवेत जगत नाही. सेंद्रिय दिव्याचे दोन शत्रू, ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ. इलेक्ट्रॉन सोडणारे धातू आणि उत्तेजित झालेले रेणू दोन्ही त्यांना बळी पडतात. पडद्यावर काळे ठिपके उमटतात, ते वाढतात, एकमेकांत मिसळतात. म्हणून ओएलईडीच्या आवरणाबाबत दंडक फार कडक: चौरस मीटरमधून दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा जास्त वाफ आत येता कामा नये. काच हे सहज करते. आणि रबर? सिलिकोन रबर या मर्यादेच्या कोट्यवधी पटींनी वाफ आत सोडतं.

यात कुणाची हयगय नाही. रबर ताणलं जातं कारण त्याच्या साखळ्या सतत हलत असतात, फिरत असतात. त्या हलण्यातूनच रेणूंएवढ्या फटी उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात, आणि पाण्याचा चिमुकला रेणू एका फटीतून दुसरीत असा चालत आत येतो. ज्या चळवळीमुळे ताण सोसला जातो, तीच चळवळ पाण्याला वाट देते. म्हणजे उजेड देणाऱ्या थरात ज्या वैराशी इतक्या हुशारीने तडजोड केली, तेच वैर आवरणाच्या दारात पुन्हा उभं. इथे रोधक मिसळण्यासारखी युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. वाफ अडवायची तर रेणूंची दाटी हवी, आणि दाटी ताणली की फाटते.

सोमेया यांच्या गटाने 2016 मध्ये अकार्बनी आणि सेंद्रिय थर आळीपाळीने ठेवून दोन मायक्रॉनपेक्षा पातळ आवरण केलं. दिव्याचं हवेतलं आयुष्य तासांवरून दिवसांवर आलं. दिवसांवर, वर्षांवर नाही. गॅलियम आणि इंडियमचा द्रव मिश्रधातू वाहतो, ताणला जातो आणि वाफेला अजिबात वाट देत नाही. पण तो उजेडालाही देत नाही! मागच्या बाजूला चालेल. पुढच्या बाजूला काय लावायचं? या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याला तेजाचे विक्रम करणाऱ्यांपेक्षा मोठा मान मिळायला हवा. मिळेल असं मात्र वाटत नाही, कारण गळती थांबवणाऱ्याचा फोटो कोणी छापत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? ताणायच्या फोनसाठी? मला ताणायचा फोन नको. इथल्या कुणाला हवा असेल तर सभा संपल्यावर भेटा, मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

मला त्वचेवरचा उपयोग खरा वाटतो. 2020 च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर येऊन बोटाला ऑक्सिमीटर लावत होते, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलं. दोन रंगांचा उजेड बोटातून पाठवायचा आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण काढायचं. त्याच्या त्रुटीही कोविडच्या काळातच ठळक झाल्या. हात हलला की आकडा उडतो. आणि 2020 च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की रक्तात ऑक्सिजन धोक्याइतका कमी असूनही यंत्र 'ठीक आहे' म्हणतं, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडतं. आपल्या सगळ्यांच्या त्वचेचा रंग लक्षात घेता हे दूरच्या देशातलं प्रकरण म्हणून सोडून देता येईल का? ताणला जाणारा दिवा हा दोष आपोआप दूर करणार नाही. पण त्वचेबरोबर हलणाऱ्या एकाच पट्टीत वेगवेगळ्या रंगांचे अनेक बिंदू बसले, तर त्वचेने खाल्लेला उजेड हिशोबातून वजा करण्याची संधी मिळू शकते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं तर आणखी अवघड. त्यांची त्वचा इतकी नाजूक असते, की चिकटपट्टी काढताना सोलवटते. रॉजर्स यांच्या गटाने 2019 मध्ये अशा बाळांसाठी दोन मऊ, बिनतारी पट्ट्या केल्या, एक छातीवर, एक पायावर. त्यातले दिवे साधे, कडक, बेटांच्या पद्धतीचे. पळवाटांना नावं ठेवणार नाही म्हणालो, ते यासाठी. बाळाला दिव्याची रसायनं कळत नाहीत.

पुढच्या वेळी 'रबरासारखा पडदा तयार' अशी बातमी वाचाल तेव्हा एवढं पाहा. ताणलेला असताना तो पेटला होता, की ताणून सोडल्यावर? हवेत पेटला, की नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत? किती व्होल्टवर, आणि किती तास? यातलं निम्मं तरी बातमीत नसेल.

निळ्या रंगाविषयी बोलायचं राहून गेलं. पडद्याच्या तीन रंगांत निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा सर्वांत जास्त, म्हणून निळा उजेड देणारा रेणू स्वतःच्याच उजेडाने लवकर खंगतो. तुमच्या फोनमध्येसुद्धा निळ्याची गुजराण अजून प्रामुख्याने त्या जुन्या, 25 टक्के हिशोबाच्या पदार्थांवर चालते. प्रश्नोत्तरांसाठी संयोजकांनी वेळ ठेवलेला आहे. कोणी निळ्याचं विचारलं तर बरं.